जुन्या मोटारसायकलचे कॉम्प्रेशन घरी तपासणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी चढाला ओढेनाशी झाली, सकाळी चार-दोन किकमध्ये सुरू होईनाशी झाली किंवा सायलेन्सरमधून धूर दिसू लागला, की ‘इंजिन उतरले’ असा निकाल पटकन दिला जातो आणि हाफ इंजिनचे काम, म्हणजे ब्लॉक उतरवून बोअर-पिस्टनची दुरुस्ती, निघते. पुष्कळदा तो निकाल बरोबर असतो. परंतु ब्लॉक (सिलिंडरचा भाग) एकदा बोअर केला, म्हणजे आतून कापून रुंद केला, की मूळ माप परत येत नाही. म्हणून हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन नीट मोजून घ्यावे. येथील उत्तरे मुख्यतः बुलेट ३५०, हिरो होंडा सीडी १०० आणि तिच्या कुळातील गाड्या, तसेच यामाहा आरएक्स १०० या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना धरून लिहिली आहेत. पद्धत मात्र येझदी, राजदूत किंवा बजाजच्या जुन्या गाड्यांनाही तीच आहे.

कॉम्प्रेशन तपासणीत नेमके काय मोजले जाते?

पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा दाबली जाते. प्लगच्या जागी गेज बसवून त्या हवेचा सर्वांत मोठा दाब वाचणे, एवढीच ही तपासणी आहे. दाब पुरेसा तयार होत नसेल तर हवा कोठून तरी निसटत असते, किंवा मुळात पुरेशी आत येत नसते. निसटण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांमधून खाली क्रँककेसमध्ये, इनलेट व्हॉल्व्हमधून कार्बोरेटरकडे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे, हेड पॅकिंगमधून बाहेर आणि प्लगच्या आट्यांमधून. जुन्या बुलेटमध्ये डीकॉम्प्रेसर (किक हलकी व्हावी म्हणून दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) ही आणखी एक वाट असते. पुढील सर्व प्रश्नांचा रोख याच वाटा एकेक करून बाद करण्याकडे आहे.

पुस्तकात दिलेले कॉम्प्रेशन गुणोत्तर आणि गेजवरचा दाब यांचा संबंध काय?

गुणोत्तर हे केवळ आकारमानाचे माप आहे: पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे, एवढेच ते सांगते. सीडी १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, क्षमता ९७.२ सीसी आणि गुणोत्तर ८.८ ला १ आहे. म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर साधारण साडेबारा सीसी जागा उरते. अनेक जण वातावरणाच्या १४.७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला ८.८ ने गुणतात आणि येणारा १२९ हा आकडा गेजवर दिसायला हवा असे मानतात. तो हिशेब चुकीचा आहे. हवा झपाट्याने दाबली जाते तेव्हा ती तापते आणि तापल्यामुळे तिचा दाब या गुणाकाराच्या पुढे जातो. उलट, इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतर काही अंशांनी बंद होतो, त्यामुळे आत आलेल्या हवेचा काही भाग परत जातो आणि दाब तेवढा कमी होतो. या दोन परस्परविरोधी परिणामांचे प्रमाण प्रत्येक इंजिनात वेगळे असते. त्यामुळे गुणोत्तरावरून दाबाचा अचूक आकडा काढण्याचा खटाटोप करू नये.

मग माझ्या गाडीला किती दाब असायला हवा?

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. तो हाती नसेल तर केवळ अंदाजासाठी इतके लक्षात ठेवावे, की बहुतेक जुन्या बुलेट ३५० चे गुणोत्तर साडेसहाच्या आसपास असल्याने ते इंजिन शंभर पीएसआयच्या आसपासही समाधानाने चालते. शंभर सीसीचे निरोगी होंडा इंजिन मात्र दीडशेच्या पलीकडे जाते. आरएक्स १०० ही या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. म्हणजे बुलेटमध्ये जो आकडा निश्चिंत करणारा आहे, तोच सीडी १०० मध्ये चिंतेचा ठरतो. ‘कॉम्प्रेशन इतके असलेच पाहिजे’ असा सरसकट नियम सांगणाऱ्याला आधी इंजिन कोणते, हे विचारावे.

आकडे किलोमध्येही सांगितले जातात. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पीएसआय आणि एक बार म्हणजे १४.५ पीएसआय. घरगुती तपासणीत हे दोन्ही एकच मानले तरी बिघडत नाही.

मुंबईत घेतलेला आकडा पुण्यात कमी का दिसतो?

इंजिन ज्या हवेला दाबते, तीच उंचीवर विरळ होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे वातावरणाचा दाब मुंबईपेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. साडेतेराशे मीटरवरील महाबळेश्वरात ही घट पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. गेजवरचा आकडाही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो. मुंबईत १५० दाखवणारे इंजिन पुण्यात १४० आणि महाबळेश्वरात १२८ दाखवील, आणि तिन्ही ठिकाणी ते तितकेच निरोगी असेल. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर येथे राहणाऱ्याने मॅन्युअलमधील आकड्याशी तुलना करताना ही वजावट करावी. घाटमाथ्यावरील गावांत ती विसरली तर चांगल्या रिंगा विनाकारण बदलल्या जातात.

गेज कोणता घ्यावा?

दोन प्रकार मिळतात. एकाच्या टोकाला रबरी शंकू असतो आणि तो प्लगच्या छिद्रावर हाताने दाबून धरायचा असतो. दुसरा आट्यांनी बसतो. किकच्या गाडीसाठी आट्यांचाच घ्यावा, कारण किक मारताना गाडी हलते, शंकू किंचित उचलला जातो आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. सीडी १०० आणि स्प्लेंडर यांच्या प्लगचे आटे १० मिमी व्यासाचे आहेत. बुलेट आणि आरएक्स १०० यांचे १४ मिमी. गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या संचात १४ मिमीचा तुकडा नेहमी असतो, १० मिमीचा मात्र अनेकदा नसतो. पैसे देण्याआधी पेटी उघडून तो पाहावा. तुकड्याच्या आट्यांची लांबी आपल्या प्लगशी ताडून घ्यावी. तुकडा प्लगपेक्षा लांब असेल तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्यावर आपटू शकतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आणि दुकानदार सहसा न सांगणारी बाब म्हणजे गेजमधील एकमार्गी व्हॉल्व्हची जागा. दाब अडकवून ठेवणारा हा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या इंजिनाकडील टोकाशी असावा लागतो. तो गेजच्या तबकडीपाशी असेल तर संपूर्ण नळीची पोकळी इंजिनाच्या दहनकक्षात मिळवली जाते. पाच मिमी आतील व्यासाच्या आणि एक फूट लांबीच्या नळीत जवळपास सहा सीसी हवा मावते. मोठ्या मोटारीच्या इंजिनाला त्याने फारसा फरक पडत नाही. परंतु सीडी १०० चा दहनकक्षच साडेबारा सीसीचा असल्याने ८.८ चे गुणोत्तर प्रत्यक्षात ६.३ वर येते. इंजिन उत्तम असूनही गेज ते मरणपंथाला लागलेले दाखवतो. लहान इंजिनांच्या बाबतीत ‘गेजने सांगितले’ म्हणून झालेल्या कित्येक अनावश्यक कामांच्या मुळाशी हेच कारण असते, असे माझे ठाम मत आहे. हा व्हॉल्व्ह खराब झाल्यास टायरच्या ट्यूबमधील व्हॉल्व्हपिन त्यात बसवू नये. ती मापाने बसते, परंतु तिची स्प्रिंग अधिक कडक असते आणि त्यामुळे आकडा कमी येतो.

स्वस्त गेजवर विश्वास ठेवता येतो का?

तो कायम एकाच बाजूला तेवढाच चुकत असेल, तर येतो. आपल्याला पुढे ज्या तुलना करायच्या आहेत, त्यांना गेज दर वेळी तेच सांगणारा असला म्हणजे पुरते. तरीही एकदा दुसऱ्या गेजशी ताळा करून पाहावा.

तपासणीआधी गाडीची कोणती तयारी करावी?

पहिली गोष्ट टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट जुळवण्याची जागा. चार स्ट्रोक इंजिनात टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाब निसटतो. हा दोष पाना आणि फीलर गेज यांनी घरी निघण्याजोगा आहे. तो न काढता कॉम्प्रेशन मोजले तर निकाल काहीही आला तरी निरुपयोगी ठरतो. जुन्या बुलेटमध्ये इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत आणि वर-खाली मात्र हलता कामा नयेत. होंडा इंजिनात मॅन्युअलमधील गाळा ठेवावा. बुलेटच्या डीकॉम्प्रेसरच्या केबलला थोडी ढिलाई आहे का, हेही याच वेळी पाहावे. केबल ताणलेली असेल तर तो व्हॉल्व्ह सदैव किंचित उघडा राहतो, आणि एका केबलपायी रिंगांवर ठपका येतो.

मग इंजिन चालवून तापवावे. इंजिन तापले म्हणजे पिस्टन आणि रिंगा आपल्या कामाच्या मापाला येतात आणि ऑइल सर्वत्र पसरते. मात्र गाडी नुकतीच बंद केलेली असताना लगेच प्लग काढू नये. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि फार तापलेले असताना त्याचे आटे प्लगबरोबर निघून येण्याचा धोका असतो. हेडला क्षणभर हात लावणे सहन होईल इतके निवल्यावर प्लग काढावा. त्याआधी प्लगभोवतीची माती आणि खडे हवेने उडवून टाकावेत, कारण प्लग निघताच ते थेट सिलिंडरमध्ये पडतात. गाडी सुरूच होत नसेल तर गार इंजिनावर मोजावे आणि वहीत तसे लिहावे. गार इंजिनाचा आकडा थोडा कमी येतो.

प्लगची केबल मोकळी सोडली तर चालते का?

चालत नाही. सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेल्या गाडीत ठिणगीला जमिनीकडे जाण्याची वाट मिळाली नाही, तर उच्च दाबाची वीज इग्निशन कॉइलमध्ये किंवा सीडीआयमध्येच वाट शोधते आणि तो भाग जळू शकतो. शिवाय प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तिच्याजवळ उडालेली ठिणगी आग लावू शकते. म्हणून पेट्रोलचा कॉक बंद करावा, चावी बंद ठेवावी, प्लग टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावा आणि तो छिद्रापासून दूर राहील असा बांधावा. शक्य असेल तेथे सीडीआयचा जोड सोडून ठेवणे अधिक सुरक्षित. काम उघड्या हवेत करावे. बंद गॅरेजमध्ये किंवा देव्हाऱ्यातील समई जळत असलेल्या खोलीशेजारच्या व्हरांड्यात करू नये.

प्रत्यक्ष मोजणी कशी करावी?

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये ठेवावी. गेज हाताने आट्यांत फिरवून बसवावा, रबरी वायसर नीट टेकला आहे हे पाहावे. पाना लावून आवळू नये. चोक अजिबात लावलेला नसावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असावा. हा शेवटचा मुद्दा अनेकांकडून राहून जातो. ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर कार्बोरेटरची स्लाइड खाली असते, इंजिनाला हवाच मिळत नाही आणि उत्तम इंजिनही निम्मा दाब दाखवते. जुन्या गाड्यांच्या साध्या कार्बोरेटरमध्ये पीळ दिला की स्लाइड वर जाते. नंतरच्या काही गाड्यांतील व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये ती किकच्या वेगाला वर जात नाही. तेथे एअर फिल्टरचा पाइप काढून स्लाइड बोटाने वर धरावी लागते.

त्यानंतर पायात बूट घालून, किक वरपासून खालपर्यंत पूर्ण आणि जोरात मारावी. एका दमात पाच ते आठ किक, काटा वर चढायचा थांबेपर्यंत. किकचा वेग महत्त्वाचा आहे: पिस्टन सावकाश वर आला तर तेवढ्याच फटीतून निसटायला हवेला अधिक वेळ मिळतो. दोघांनी मिळून काम केल्यास, एकाने किक आणि ॲक्सिलरेटर सांभाळावा आणि दुसऱ्याने काटा पाहावा, हे सर्वांत चांगले. आकडा लिहून घ्यावा, गेजमधील हवा सोडावी आणि हीच क्रिया पुन्हा करावी. लागोपाठचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले तरच ते ग्राह्य धरावेत. ते विखुरलेले असतील तर दोष इंजिनात शोधण्याआधी गेजच्या वायसरमध्ये आणि किक मारण्याच्या पद्धतीत शोधावा.

फक्त शेवटचा आकडा पाहावा की काटा कसा चढतो हेही पाहावे?

काट्याची चाल शेवटच्या आकड्याइतकीच बोलकी असते, किंबहुना जाणकार फिटर आधी तीच पाहतो. निरोगी इंजिनात पहिल्याच किकला काटा निम्म्याहून पुढे उडी घेतो आणि नंतरच्या दोन-तीन किकांत वरच्या आकड्याला पोहोचतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी लहान असते, पण पुढच्या प्रत्येक किकला काटा थोडा थोडा चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली उडी लहान असतेच आणि नंतरही काटा फारसा हलत नाही. म्हणून वहीत पहिल्या किकचा आणि शेवटचा, असे दोन्ही आकडे टिपावेत.

ऑइल टाकून दुसऱ्यांदा मोजतात ते कशासाठी, आणि ऑइल किती टाकावे?

प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल आत सोडले की ते पिस्टनच्या कडेने पसरून रिंगांची फट काही काळ बुजवते; सायकलच्या पंपातील सुकलेल्या वॉशरला तेलाचे बोट लावल्यावर पंप पुन्हा हवा धरतो, तसाच हा प्रकार. ऑइलनंतर दाब ठळकपणे वाढला तर गळती रिंगांतून आहे. वाढला नाही तर ती व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग किंवा डीकॉम्प्रेसर यांपैकी कोठून तरी आहे, कारण तेथे ऑइल पोहोचत नाही.

प्रमाणाबाबत मात्र मोठा गोंधळ आहे. ‘एक चमचा ऑइल’ हा सल्ला मोटारींच्या इंजिनांवरून आला आहे. चहाचा चमचा म्हणजे पाच सीसी. बुलेटच्या ३४६ सीसी इंजिनात दहनकक्ष साधारण ६३ सीसीचा असतो. त्यातील पाच सीसी ऑइलने व्यापले तर गुणोत्तर साडेसहावरून सातपर्यंत जाते आणि फारसा घोटाळा होत नाही. सीडी १०० च्या साडेबारा सीसीच्या कक्षात तेच पाच सीसी ओतले तर गुणोत्तर चौदापर्यंत चढते, काटा झेप घेतो आणि रिंगा चांगल्या असल्या तरी झिजल्याचा निष्कर्ष निघतो. शंभर सीसीच्या इंजिनात दीड सीसीपेक्षा अधिक ऑइल घालू नये. औषधाच्या दुकानातील सुई नसलेली सिरिंज आणि तिला जोडलेली बारीक नळी यांनी ते मोजून सोडावे. तेवढ्या ऑइलनेसुद्धा गुणोत्तर ८.८ वरून ९.८ होते, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांची वाढ ही केवळ ऑइलने व्यापलेल्या जागेची आहे असे समजून सोडून द्यावी. त्याहून बरीच अधिक वाढ दिसली तरच रिंगांकडे बोट दाखवावे. ऑइल टाकल्यावर आणि गेज बसवण्याआधी दोन-तीन हलक्या किक मारून ते पसरू द्यावे. त्या वेळी चेहरा छिद्रासमोर नसावा.

आरएक्स १०० सारख्या दोन स्ट्रोक गाडीला हीच पद्धत लागू आहे का?

मोजण्याची पद्धत तीच. अर्थ लावणे वेगळे. दोन स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह आणि टॅपेट नसतात, त्यामुळे कमी दाबाचे कारण बहुधा रिंगा, पिस्टन, बोअर किंवा हेड पॅकिंग एवढ्यातच सापडते. पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट झाकल्यानंतरच खरी दाबणी सुरू होते, आणि पोर्टची वरची कड कोणी घासून वर नेली असेल तर सर्व भाग नवे असूनही दाब कमी येतो. शर्यतीच्या हौसेने पोर्टिंग केलेल्या आरएक्स अनेक आहेत. विकत घेताना हे विचारून घ्यावे. ऑइलची दुसरी तपासणी येथे फारशी निर्णायक ठरत नाही, कारण सिलिंडरमध्ये आधीपासूनच ऑइल फिरत असते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. दोन स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथून वर ढकलले जाते. म्हणजे क्रँककेसही हवाबंद असावा लागतो. प्लगच्या छिद्रातील गेज त्याबद्दल काहीच सांगत नाही. मॅग्नेटोच्या बाजूचे ऑइल सील गळत असेल तर तेथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, भीती असते. क्लचच्या बाजूचे सील गळत असेल तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन जळते, दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी कोठेही ठिपका न पडता उतरते. या दोन्ही दोषांत कॉम्प्रेशनचा आकडा अगदी चांगला येऊ शकतो. त्यासाठी इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे सहा पीएसआय इतकाच हलका दाब भरतात आणि तो मिनिटभर टिकतो का, हे पाहतात.

दोन सिलिंडरच्या गाडीत काय पाहावे?

राजदूत ३५० सारख्या गाडीत दोन्ही प्लग काढून एकेक सिलिंडर मोजावा. दोहोंतील फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर दोन्ही आकडे स्वतंत्रपणे चांगले असले तरी कारण शोधावे.

कॉम्प्रेशन कमी आहे हे कळले. हवा कोठून निसटते हे हेड न उघडता कसे कळेल?

हवा उलट दिशेने भरून. यासाठी जुन्या प्लगमधील चिनी माती काढून त्याच्या पोकळ कवचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला तुकडा लागतो. असा तुकडा अनेक फिटर स्वतः बनवून ठेवतात. चार स्ट्रोक गाडीत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. नंतर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने वीस-तीस पीएसआय हवा हळूहळू भरावी आणि कान द्यावा. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुस्स आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या टोकाशी आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि ऑइल भरण्याच्या झाकणापाशी आला तर रिंगा गळत आहेत. हेड पॅकिंगच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले की तेथील गळती बुडबुड्यांनी दिसते. रिंगांतून थोडी हवा चांगल्या इंजिनातही निसटते, त्यामुळे झाकणापाशी मंद आवाज आल्याने घाबरू नये. व्हॉल्व्हमधून मात्र आवाज अजिबात येता कामा नये.

येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असेल तर भरलेली हवा त्याला झटक्यात खाली ढकलते. मॅग्नेटोच्या नटावर पाना तसाच राहिला असेल तर तो फिरून हात मोडू शकतो, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर मागचे चाक फिरते. पाना काढून ठेवावा, हात दूर ठेवावेत आणि दाब एकदम भरू नये.

अनेक महिने उभी असलेली गाडी तपासली तर आकडा फार कमी आला. इंजिन उघडावे का?

लगेच उघडू नये. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा उभ्या राहिलेल्या गाडीच्या बोअरवर आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा पातळ थर येतो, रिंगा जुन्या ऑइलच्या चिकट्याने खोबणीत अडकतात. वारंवार किक मारून सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल तर बोअरवरचे ऑइलही धुऊन जाते. अशा इंजिनात थोडे ऑइल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी प्लग काढलेलाच ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये पुढे-मागे हलवून पिस्टन फिरवावा, मग ऑइल बदलून गाडी सुरू करावी आणि काही दिवस चालवल्यानंतर पुन्हा मोजावे. पुष्कळ वेळा आकडा आपोआप सुधारतो. पुढच्या वेळी गाडी दीर्घकाळ ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवावा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिल्याने दमट हवा आत शिरत नाही.

आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर ते चांगले लक्षण आहे का?

नाही. पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साचला की कक्ष लहान होतो आणि दाब वाढतो. पूर्वी कोणी हेड घासून घेतले असेल किंवा पातळ पॅकिंग टाकले असेल, तरीही असेच होते. चढावर ॲक्सिलरेटर पिळताच इंजिनातून टकटक ऐकू येत असेल, तर हेड काढून कार्बन साफ करावा. हाच कार्बन आणखी एका प्रकारे फसवतो: इंजिन ऑइल जाळत असेल तर रिंगांच्या झिजेने घटलेला दाब कार्बनने भरून निघतो आणि आकडा निरोगी दिसतो.

कॉम्प्रेशन उत्तम आहे, तरी निळा धूर येतो. असे कसे?

वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि तिसरी ऑइल खरवडून खाली नेते. तिसरी झिजली तर कॉम्प्रेशन चांगले राहूनही ऑइल जळते. व्हॉल्व्हची सीले कडक झाली असतील तरी तेच होते. सकाळी पहिल्या किकला धुराचा लोट येऊन तो नंतर विरत असेल तर सीलांवर संशय घ्यावा. चालत्या गाडीत पीळ देताच धूर वाढत असेल तर रिंगांवर. सील बदलण्याचा खर्च बोअर-पिस्टनच्या मानाने किरकोळ आहे, म्हणून हा फरक आधी ओळखणे फार उपयोगाचे आहे.

गॅरेजमध्ये प्लगच्या छिद्रावर अंगठा ठेवून पाहतात. ते पुरेसे नाही का?

अंगठा उडवला जात नसेल तर इंजिनात मोठा बिघाड आहे, एवढे त्यावरून नक्की कळते. ९० आणि १३० यांतला फरक अंगठ्याला कळत नाही, आणि हाफ इंजिनचा निर्णय नेमका याच टापूत घ्यायचा असतो.

कोणत्या आकड्याला हाफ इंजिन करून घ्यावे?

केवळ आकड्यावरून करून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. टॅपेट बरोबर आहेत, आकडा पुन्हा पुन्हा मोजूनही कमीच येतो, ऑइलनंतर तो ठळकपणे वाढतो आणि गाडी प्रत्यक्षात ऑइल पिते किंवा ओढत नाही, या गोष्टी जुळल्या म्हणजे ब्लॉक उतरवावा. ऑइलने फरक पडत नसेल तर ब्लॉकला हात न लावता हेड काढून व्हॉल्व्ह घासून घ्यावेत आणि त्यांच्यात पेट्रोल ओतून ते झिरपते का, ते पाहावे. ब्लॉक उतरवलाच तर बोअर मापून घेण्याचा आग्रह धरावा: वर, मध्ये आणि खाली, आडवे आणि उभे. बोअर गोल आणि मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगा बदलून भागते. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी मिळतात आणि सहसा १ मिमीपर्यंतच, त्यामुळे प्रत्येक बोअरिंगने इंजिनाचे उरलेले आयुष्य एका पायरीने कमी होते. आरएक्स १०० सारख्या उत्पादन थांबलेल्या गाडीच्या मूळ ब्लॉकला तर जितके कमी खरवडावे तितके बरे.

नवे पिस्टन आणि रिंगा टाकल्या, तरी कॉम्प्रेशन पूर्ण आलेले नाही. काम बिघडले का?

नव्या रिंगा बोअरशी घासून जुळेपर्यंत आकडा थोडा कमी राहतो. पहिले काही शे किलोमीटर इंजिन फार न पिळता, पण एकाच वेगात रेंगाळूही न देता चालवावे, पहिले ऑइल लवकर बदलावे, टॅपेट पुन्हा पाहावे आणि मग त्याच गेजने, तशाच तापलेल्या इंजिनावर मोजावे. तोवर आकडा चढता असेल तर काम बरोबर आहे.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, गाडीचे किलोमीटर, गाव, इंजिन गार की गरम, पहिल्या किकचा आकडा, शेवटचा आकडा, ऑइल टाकले असल्यास किती सीसी आणि त्यानंतरचा आकडा. दर वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा मोजले तरी पुरते. शेवटी प्लग परत बसवताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा द्यावा आणि वायसर आधीच दबलेला जुना प्लग जेमतेम थोडासा आवळावा. १० मिमीच्या प्लगला जोर लावू नये.